आयेला खरवड आवडते

माझा थोरला भाऊ जेवायला बसला की मला किळस येते. सख्ख्या भावाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण येते, त्याला मी काय करू? तो आमटी पीत नाही, ओरपतो. माशाचे काटे चोखून ताटाबाहेर मांडतो, उचलायला बायको आहेच. शेवटचा घास गिळतो न गिळतो तोच ताटात हात धुतो आणि असा ढेकर देतो की पडवीतलं मांजर उठून जातं. मग पोटावरून हात फिरवत म्हणतो, "चला, आजचं काम झालं." जळ्ळं मेलं ते काम!

दादा जन्मभर मुंबईत कंपनीत होता. निवृत्त झाल्यावर वहिनीला घेऊन गावी आला, जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं आणि 'आयेला मी सांभाळतो' असं गावभर सांगू लागला. आये, म्हणजे आमची आई, ऐंशीच्या पुढची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आमचं गाव रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर आणि मी राहते रत्नागिरीत. मुलींच्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर मी नोकरीभर सांभाळलं. पोरींच्या पंगतीच्या पंगती जेवू घातल्या. कुणाला काय पचतं, कुठल्या वयाला काय लागतं, डाळ किती आणि भाजी किती, हे मला कुणी शिकवायला नको, अशी माझी घमेंड होती.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. भाताच्या टोपाच्या तळाला लागून करपलेला, कडक झालेला जो थर असतो ना, त्याला आमच्याकडे खरवड म्हणतात. आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं की आयेला खरवड आवडते. वडील जेवून उठताना ओरडायचे, "खरवड कुणी खाऊ नका रे, तुमच्या आयेला ठेवा." आम्ही पोरं ठेवायचो. कधी कुणी टोप आधीच भिजत घातला तर चुकचुकायचो, अरेरे, आज आयेची खरवड गेली! लग्न होऊन मी सासरी गेले तरी माहेरी आल्यावर मी तिच्यासाठी खरवड सोडवून वाटीत काढायची. लाड करत होते मी तिचे.

तर गेल्या नवरात्रात गावी गेले, तेव्हा आये तापाने पडलेली. अंगाला घामाचा वास येत होता, म्हणून मी तिला धरून न्हाणीत नेली. ती साडी सोडेना.

"मी घेईन गो माजी अंघोळ. तू जा बाहेर."

मी ऐकते होय! ओढलीच साडी. आणि मग दिसलं. तिचं गर्भाशय खाली उतरून बाहेर आलेलं होतं. त्याला आवरायला तिने जुन्या लुगड्याचा लंगोट करून घट्ट बांधला होता. तो ओला होता, त्याला वास येत होता आणि कापड घासून घासून आत जखम झाली होती.

"कधीपासून हे?"

ती भिंतीकडे बघत म्हणाली, "होतंय गो. बायकांना होतंय असं."

असं बांधून ती अंगण झाडत होती. असं बांधून काजू वेचायला वाकत होती, घागर उचलत होती. मला मळमळलं. जखमेने नाही, जखमा मी पुष्कळ पाहिल्यात. त्या लंगोटाने मळमळलं. इतका नीट शिवला होता तिने तो, बारीक टाके घालून, कडा दुमडून. म्हणजे हे आता जन्माचं आहे असं धरूनच चालली होती ती.

तिला अंघोळ घालता घालता मला एकदम आठवलं. आमच्याकडे शिमग्यात गावच्या देवीची पालखी घरोघर येते आणि घरातली थोरली बाई दारात उभी राहून देवीची ओटी भरते. मागचे दोन शिमगे आये आतल्या खोलीत बसून राहिली होती. एकदा म्हणाली पाय दुखतोय, एकदा म्हणाली अंग मोडून आलंय. ओटी वहिनीने भरली. आम्ही म्हटलं, वय झालं.

"म्हणून पालखीला बाहेर येत नव्हतीस?"

"असल्या अंगाने देवीला शिवू काय? तिला दिसतं सगळं." मग म्हणाली, "मराच्या आदी एकदा भरायची होती गो ओटी."

देवीला दिसतं. आणि एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांना दिसत नाही. शी! मला आमच्या सगळ्या घराचीच शिसारी आली.

ताप उतरल्यावर मी तिला रत्नागिरीत डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी तपासलं, रक्त काढलं आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. "ऑपरेशन करता येईल. पण या रक्तावर मी यांना टेबलावर घेणार नाही. अंगात रक्त नाही, प्रथिनं नाहीत. टाके घातले तर भरून येणार नाहीत. आधी यांना जेवायला घाला."

लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण गोळ्यांनी आयेचं पोट बांधलं. कुंथावं लागलं की अंग अजून बाहेर. तेव्हा बाई म्हणाल्या, गोळी थोडी आणि भर जेवणावर. माघापर्यंत रक्त वाढलं तर शिमग्याला ही बाई दारात उभी राहील. नाही वाढलं तर नाही.

एवढंच होतं सगळं. रक्त वाढलं तर ओटी, नाहीतर तो लंगोट.

मी म्हटलं, हात्तिच्या, एका म्हातारीला जेवू घालायचं ना? हे तर माझ्या हातचं काम. आये तोवर काय खात होती ते वहिनीला विचारलं. सकाळी कोरा चहा आणि त्यात बुडवून बटर, दुपारी पेज नि लोणचं, रात्री काय उरलं असेल ते. वर दादा म्हणतो, "आयेचं जेवण एकदम साधं, म्हणून तर एवढी जगली." साधं कसलं डोंबलाचं! उपासमारीला साधेपणा म्हणायची आमच्या लोकांना खोड आहे. म्हाताऱ्या माणसाचं पोट लहान होतं, दात जातात, जिभेची चव जाते, हे खरं. पण अंगाची गरज काही त्याबरोबर लहान होत नाही. उलट जेवढे घास जातात, त्यातला प्रत्येक घास कामाचा असावा लागतो.

म्हणून मी सगळं तसं आखलं. सकाळी दुधातलं नाचणीचं सत्त्व आणि एक उकडलेलं अंडं. चहा बंद नाही केला, चहा बंद केला असता तर तिने मला घरातून काढलं असतं. पण जेवणाच्या आगेमागे चहा नको, लोह अंगी लागत नाही, हे बजावलं. दुपारी भात थोडा आणि कालवण जास्त. कुळथाचं पिठलं नाहीतर मुगाचं वरण, माठाची किंवा शेवग्याच्या पाल्याची बारीक चिरलेली भाजी, वर लिंबू पिळून. मासळीवाली येईल त्या दिवशी बांगडा नाहीतर तारली, पण काटे काढून, कुस्करून. तिन्हीसांजेला तीळ-शेंगदाण्याच्या कुटाचा मऊ लाडू, कारण चावायला तिला पुढचे चारच दात. रात्री तूप घातलेली मुगाची खिचडी आणि दुधी. पोट साफ राहायला ताक आणि भिजवलेला खजूर. पथ्य म्हटलं की लोक मीठ-मसाला सगळा काढून टाकतात आणि मग म्हातारी माणसं खात नाहीत म्हणून रडतात. मी तसलं काही केलं नाही. आयेला खोबऱ्याचं वाटण लागतं, ते ठेवलं.

सामानाच्या पिशव्या घेऊन गेले आणि वहिनीला सगळं समजावलं. वहिनी मान हलवत होती. ती बोलायची कमीच. दादा मात्र मध्येच उठून आला. "प्रोटीन महत्त्वाचं बरं का. या वयात प्रोटीनच लागतं. मला मोबाइलवर आलंय." नाकाने कांदे सोलायला दादाचा हात कोणी धरणार नाही. मी म्हटलं, तू फक्त बाजारातून अंडी संपली की आण. तो म्हणाला, "आईसाठी एवढं नाही करणार काय?" आणि खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं.

मग मी फोन करायची. दादा म्हणायचा, "एकदम व्यवस्थित चाललंय. तू काळजीच करू नको." वहिनी म्हणायची, "करते हो वन्सं, सगळं तुम्ही सांगितलं तसंच करते." आये म्हणायची, "खातंय गो, सगळं खातंय." अंडी संपत होती, लाडू संपत होते, मी दर खेपेला नवे करून एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवत होते. माझ्या जिवाला समाधान होतं.

मार्गशीर्षात पुन्हा रक्त तपासायचं ठरलं. दादा आयेला घेऊन रत्नागिरीला आला. त्याला साखरेचा आजार जुना. आलोच आहोत तर माझंही करून टाकतो म्हणाला आणि त्यानेही रक्त दिलं. दुपारी दोघांचे रिपोर्ट आले.

आयेचं रक्त वाढलं नव्हतं. उलट होतं त्याहून थोडं उतरलंच होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "मी काय सांगितलं होतं? जेवायला घालता की नाही यांना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर लोकांना जेवू घातलेली बाई मी, आणि माझ्याच आईवरून मला हे ऐकावं लागलं.

बाहेर आलो तर दादा बाकावर आपला कागद हातात धरून खुशीत बसलेला. त्याची साखर उतरली होती. कितीतरी वर्षांत उतरली नव्हती तेवढी उतरली होती. मला म्हणाला, "बघ! तुझं डाएट मानवलं हां मला. पोट पण हलकं वाटतं."

आये त्याच्या शेजारी बसून हसत होती. पोराची साखर उतरली म्हणून ती म्हातारी, जिच्या अंगात रक्त नाही, ती तोंडभर हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न सांगता सकाळची उशिराची एसटी पकडली. ऐन जेवणाच्या वेळी घरी पोचले आणि पुढच्या दाराने न जाता मागीलदारी गेले. तिथून स्वयंपाकघर आणि पलीकडचं जेवणाचं टेबल दोन्ही दिसतं.

दादा टेबलाशी बसला होता. त्याच्या ताटात शेवग्याची भाजी, लिंबाची फोड, सकाळचं उकडलेलं अंडं आणि काटे काढून कुस्करलेला बांगडा. माझ्या आईसाठी कुस्करलेला. काटे आयते काढून मिळत होते, म्हणून आता त्याला चोखायचेही कष्ट नव्हते, नुसता भुरके मारत होता. आणि आये एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हाताने त्याला वाढत उभी होती. "घे रे अजून. मऊ झालाय बांगडा." तो "पुरे, पुरे" म्हणायचा आणि ताट पुढे करायचा. जेवण झाल्यावर तिने डब्यातला लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. माझा लाडू! तो त्याने सबंध तोंडात टाकला.

त्याने ताटात हात धुतले, ढेकर दिला, मांजर उठलं. मग आये आत आली, जमिनीवर बसता येत नाही म्हणून ठेवलेल्या उंच पाटावर कशीबशी टेकली, भाताचा टोप पुढ्यात ओढला, त्यातच उरलंसुरलं पिठलं ओतलं आणि उलथन्याने खरवड सोडवून त्यात भिजत घातली. चार दातांनी चावेना म्हणून. तोपर्यंत वहिनी बाजूला कढईतच भात कालवत होती.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी आत शिरले आणि आधी वहिनीवरच तोफ डागली. "तुला काय सांगितलं होतं मी? सासूचं ताट कुठे आहे?"

वहिनी घाबरली नाही. थकल्यासारखी म्हणाली, "वन्सं, मी ताट वाढते. त्या उचलतात आणि ह्यांच्यापुढे नेऊन ठेवतात. मी बोलले तर म्हणतात, माझ्या पोराच्या तोंडचं काढू नको."

दादा दारात येऊन उभा राहिला, सुपारी कातरत. "अगं, आये देते. मी मागतो काय? आईने प्रेमाने दिलेलं नाकारायचं कसं?"

"नाकारायचं कसं? तोंड मिटून! तिच्या अंगात रक्त नाही, तिचं अंग बाहेर पडतंय, आणि तू तिचं अंडं खातोस? लाज नाही वाटत?"

"उरलं तर फुकट जायचं," दादा म्हणाला. देवाशपथ, असंच म्हणाला. मला त्याच्या ओठाला लागलेलं लाडवाचं कूट दिसत होतं.

आये मध्ये पडली. "बाय, ओरडू नको गो. पुरुषमाणूस जेवल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरत नाय. तुझे वडील होते तवापासून नाय उतरत. आनी मला काय लागतं? खरवड असली की झालं माजं."

कुठल्या वेळी काय शिजवायचं ते सगळं मी आखलं होतं. पण आधी कोण जेवणार, हे आखायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वसतिगृहात सगळ्या पोरी एकाच घंटेला बसायच्या, कुणी कुणासाठी थांबत नव्हतं. इथे माझं आखलेलं सकस जेवण व्यवस्थित शिजत होतं, व्यवस्थित वाढलं जात होतं आणि ज्याला कसलीच कमी नव्हती त्याच्या पोटात व्यवस्थित जात होतं.

आयेला समजावून काही होणार नव्हतं. रक्त म्हणजे काय, प्रथिनं म्हणजे काय, ते सांगून झालं होतं. दादाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मग मी म्हटलं, हिच्या रीतीला रीतीनेच गाठलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पानं मांडायच्या वेळी मी जाऊन पुढच्या पायरीवर बसले. "आये, तू आधी जेवल्याशिवाय मी या घरात पाणीसुद्धा पिणार नाही."

आयेचा चेहराच उतरला. आमच्याकडे लग्न झालेली लेक माहेरी येऊन उपाशी राहिली तर त्या घराला ते लागतं म्हणतात. एक वेळ देवाचा नैवेद्य चुकला तर चालेल, माहेरवाशीण उपाशी राहता नये. "असं नको गो करू. घराला पाप लागेल. ये, जेव."

"तू जेव आधी."

"तुज्या दादाचं होऊ दे—"

"मग बसले मी इथे."

दादा म्हणाला, "काय नाटकं लावलीस?" आणि टेबलाशी जाऊन बसला. पण त्याला वाढणार कोण? आये दारात अडकलेली, एक पाय आत आणि एक पाय बाहेर. वहिनी चुलीपाशी हाताची घडी घालून उभी राहिली. तिने त्या दिवशी डाव हातात घेतला नाही, हे मी तिला कधी विसरणार नाही.

तेवढ्यात पाणंदीतून शेजारच्या दोन बायका चालल्या होत्या. रीतीप्रमाणे त्यांनी विचारलंच, "काय गो बाय, कधी आलीस? जेवलीस काय?"

मी चांगला आवाज चढवून म्हटलं, "नाही हो काकी, माहेरी उपाशीच आहे बघा."

झालं! आये शरमेने अर्धी झाली. "काय बोलतेस गो मेले, गावात तोंड दाखवायला जागा ठेव." आणि लगबगीने आत जाऊन खुर्चीवर बसली. "वाढ गो सूनबाय, वाढ लवकर. माजी पोर उपाशी हाय."

ती जेवली. काय जेवली म्हणायचं! प्रत्येक घासाला दादाकडे बघत होती, चोरी करताना सापडल्यासारखी. डोळ्यांतून पाणी येत होतं. अंड्याचा अर्धा भाग तिने पदराआड लपवायला बघितला, तो मी काढून परत ताटात ठेवला. तिचं झाल्यावर मी जेवले आणि दादा सर्वांत शेवटी. त्या दिवशी त्याच्या भुकेल्या पोटाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला आणि मला तो फार आवडला.

मी गावातच मुक्काम ठोकला. सुरुवातीला आयेला आधी जेवलं की उलटीसारखं व्हायचं. मग मी दादाला जेवणाच्या वेळी घराबाहेर काढायला लागले. जा पारावर, जा टपरीवर, कुठेही जा, पण तिच्या नजरेसमोर नको. तो गावभर सांगत फिरायचा की बहिणीने घरात हुकूमशाही लावलीय. फिरू दे. चालल्याने साखर अजून उतरली असेल मेल्याची.

हळूहळू आयेचा घास उतरायला लागला. एक दिवस तिने भाजीवर पिळायला लिंबाची आणखी एक फोड मागितली. एक दिवस म्हणाली, "आज बांगड्याला मीठ कमी पडलं." जन्मात पहिल्यांदा तिने स्वतःच्या जेवणाला नाव ठेवलं. नखांचा पांढरेपणा गेला. पौषाच्या शेवटी रक्त तपासलं आणि डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "आता जमेल."

माघात ऑपरेशन झालं. टाके भरून आले. तो लंगोट आणि त्याचे जोडीदार मी परसात नेऊन जाळले. आये खिडकीतून बघत होती. "चांगलं कापड होतं गो," म्हणाली.

शिमग्याला पालखी आली. ढोल वाजत वाजत आमच्या अंगणात शिरला, पालखी खांद्यावर नाचली आणि दारात टेकली. आये हिरवी साडी नेसून पुढे झाली. तिला वाकायला मनाई होती, म्हणून गावकऱ्यांनीच पालखी जरा वर उचलून धरली. तिने खण, तांदूळ, नारळ सगळं स्वतःच्या हातांनी देवीच्या ओटीत घातलं. आधाराला भिंत धरली नाही. ओटी भरून झाल्यावर तिने देवीच्या मुखवट्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाली, "चल, भूक लागली."

त्या दिवशी पालखीबरोबरची माणसं आमच्याकडे जेवायला. काळ्या वाटाण्याची आमटी, वडे, खीर, मोठ्या टोपात भात. पहिली पंगत पुरुषांची, ही रीतच. दादा यजमान म्हणून मधोमध बसला होता. आये खुर्ची ओढत आली, सरळ त्याच्या शेजारी लावली आणि बसली. "बाय, मला वाढ."

पंगतीतले दोघंचौघं एकमेकांकडे बघायला लागले. आयेने बघितलंच नाही. मी ताट आणलं. वहिनीने सवयीने तिच्यासाठी खरवड सोडवून ठेवली होती, चांगली तांबूस, खमंग. ती मी कौतुकाने ताटाच्या कडेला ठेवली.

आयेने ती उचलली आणि दादाच्या ताटात टाकली. "तू खा. मला नाय आवडत."

दादा हसला. "असं काय करतेस? तुला तर खरवड—"

"कधीच नाय आवडली," आये वडा मोडत म्हणाली. "उरायची तीच."

ढोलवाल्यांच्या गडबडीत दुसऱ्या कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं. माझ्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. मला ती वाटी आठवली, जिच्यात मी लाडाने तिची खरवड काढायची.

दादाने मात्र ती खाल्ली. कुडूम कुडूम आवाज करत खाल्ली आणि म्हणाला, "मस्त लागते की."

तिथे मला उभंच राहवेना. डाव टाकून मी आत गेले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, फक्त वहिनी. मोठा टोप मांडीशी धरून, उलथन्याने तळ खरवडत बसली होती.

"वहिनी, हे काय? दुसऱ्या टोपात एवढा भात आहे. ताट घे की."

"राहू दे वन्सं," ती खाली बघत म्हणाली. "मला आवडते खरवड."

मी तिच्या हातातून उलथनं हिसकावलं, टोप न्हाणीत नेऊन त्यात बादलीभर पाणी ओतलं. मग तिच्या दंडाला धरून तिला भर पंगतीत बाहेर आणली आणि दादाला म्हटलं, "सरक."